वाघिणींची शिरगणती

गावाबाहेरचं फाटक पडलं की दुचाकीवाले लगेच दोन प्रकारचे होतात. इंजिन बंद करणारे आणि न करणारे. न करणारे सगळे बाहेरगावचे. त्यांना वाटतं, गाडी आत्ता येईल आणि जाईल. आमच्याकडचा माणूस चावी फिरवतो, स्टँड लावतो, खर्ऱ्याची पुडी काढतो आणि सावली शोधतो. इथून जाते ती कोळशाची मालगाडी. ती येते, पण जात नाही. जात राहते.

पोरं मोजतात. मीही मोजायचो. एक, दोन, तीन करत अठ्ठावन्न, एकोणसाठ, आणि मग शेवटी गार्डाचा डबा. मधेच कुणी हाक मारली की आकडा चुकायचा आणि पुढच्या गाडीपर्यंत थांबावं लागायचं. अंकगणिताचा एवढा सराव कुठल्याच गुरुजींनी करून घेतला नाही.

या उघड्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. 'वॅगन' हा शब्द तोंडात घोळता घोळता वाघीण झाला. ज्यानं तो घडवला त्याला भाषेचा पुरस्कार द्यायला हवा होता, पण तो बहुधा हमाल असणार. चंद्रपूर जिल्ह्यात त्यामुळे दोन प्रकारच्या वाघिणी आहेत. एकीसाठी ताडोबात पहाटे चारला उठून जिप्सी करावी लागते, आणि तरी ती दिसेलच असं नाही. दुसरी फुकट दिसते, रोज दिसते, नको तेव्हा दिसते. पहिलीची गणना चार वर्षांनी कॅमेरे लावून होते. दुसरीची रोज फाटकावर पोरं करतात.

रेल्वेला मात्र वाघिणीचं कौतुक नाही. तिला साप आवडतात.

आधी दोन गाड्या जोडून पायथन झाला. मग ॲनाकोंडा आला. तोही अपुरा वाटला म्हणून ३० जून २०२० ला बिलासपूर विभागात तीन भरलेल्या मालगाड्या एकमेकींना बांधून 'सुपर ॲनाकोंडा' सोडला. दोनच दिवसांत कुणाच्या तरी ध्यानात आलं असावं की ॲनाकोंडा परदेशी आहे, आणि ते दिवस तर आत्मनिर्भरतेचे. २ जुलैला नागपूर विभागातून 'शेषनाग' निघाला. चार गाड्या, २५१ वाघिणी, लांबी २.८ किलोमीटर. जानेवारी २०२१ मध्ये पाच गाड्यांचा 'वासुकी' आला, साडेतीन किलोमीटरचा. स्वातंत्र्याच्या पंच्याहत्तरीला, १५ ऑगस्ट २०२२ ला, 'सुपर वासुकी'. कोरब्याहून राजनांदगावला, सहा इंजिनं, २९५ वाघिणी. ऑगस्ट २०२५ पर्यंत साप संपले असावेत, कारण मग शस्त्रं निघाली. 'रुद्रास्त्र': ३५४ वाघिणी, सात इंजिनं, साडेचार किलोमीटर.

आता बातमीतला बारीक अक्षरांचा मजकूर. शेषनाग रिकामा होता. रुद्रास्त्रही रिकामं होतं. वाघिणी कोळसा भरायला परत निघाल्या होत्या. पोळ्याला बैल सजवतात हे ठाऊक होतं, इथं रिकाम्या बंडीवर झूल घातली. तसं रिकाम्या वाघिणी वेळेत खाणीकडे परत नेणं हेच या धंद्यातलं निम्मं काम आहे आणि ते महत्त्वाचंही आहे. पण घरी कपबशा परत आणून ठेवणाऱ्याला आपण ब्रह्मास्त्र म्हणत नाही.

सुपर वासुकी मात्र भरलेला होता. सुमारे २७ हजार टन कोळसा. तीन हजार मेगावॉटच्या केंद्राला एक दिवस पुरेल एवढा, असं रेल्वेनंच कौतुकानं सांगितलं. म्हणजे चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या वीज केंद्राएवढ्या पोटाचं एका दिवसाचं जेवण. साडेतीन किलोमीटर लांबीचं ताट वाढायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भूक हजर.

नाव देणाऱ्यानं पुराण अर्धंच वाचलं असावं. वासुकीला समुद्र घुसळायला घेतलं तेव्हा अमृताआधी हलाहल वर आलं होतं. ते कुणी प्यायचं याचा उल्लेख प्रसिद्धिपत्रकात नाही. चंद्रपूर २००९ मध्येच देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांच्या यादीत वरच्या नंबरात जाऊन बसलं होतं. आमच्याकडे नीळकंठ पुष्कळ. फक्त त्यांचा गळा निळा होत नाही, खोकला काळा होतो.

लांबीचं आणखी एक. स्टेशनात गाडी बाजूला घ्यायला जी लूप लाइन असते ती साधारण सातशे मीटरची. तिच्यात एक मालगाडी मावते, तीही पोट आत घेऊन. मग साडेतीन किलोमीटरची गाडी कुठे बाजूला घेणार? घेताच येत नाही. म्हणून बाकीचे सगळे बाजूला होतात. मंत्र्याच्या ताफ्याचं तसंच असतं. तो थांबू शकत नाही असं नाही, पण थांबवायचा कुठे हा प्रश्न पोलिसांना पडतो.

या सगळ्याला ओढणाऱ्या इंजिनांची नावं मात्र कुणी पुराणातून काढली नाहीत. डब्ल्यूएजी-९. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी करंट, जी म्हणजे गुड्स. सहा हजार अश्वशक्ती. त्याचा थोरला भाऊ डब्ल्यूएजी-१२, बारा हजार अश्वशक्ती. बिहारात मधेपुऱ्याला आल्स्टॉमच्या कारखान्यात बनतो, दोन अर्धी इंजिनं जन्माची जोडलेली. २०२० च्या मे महिन्यापासून हा गाडी ओढतोय. त्याच्या देखभालीचं एक आगार आमच्या नागपुरात, त्यामुळे आमचीही छाती थोडी रुंद होते. चढावर पन्नास-साठ भरल्या वाघिणी घेऊन तो निघतो तेव्हा पायाखालची माती हलते. बघावा असा गडी आहे.

आणि एवढ्या घोड्यांचं आपण काय केलं? देशातल्या मालगाडीचा सरासरी वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात 'मिशन रफ्तार' जाहीर झालं. पाच वर्षांत मालगाड्यांचा सरासरी वेग दुप्पट करायचा होता. पाच वर्षं कधीच उलटली. वेग पंचविशीतच राहिला. काही नट असतात तसे.

दोष घोड्यांचा नाही. इंजिन शंभरानं पळू शकतं, पण पळायला रूळ मोकळा लागतो. रेल्वेत पंगत असते. पहिल्या पंगतीला वंदे भारत आणि राजधानी. मग सुपरफास्ट, मग एक्सप्रेस, मग पॅसेंजर. मालगाडी सगळ्यांचं उरकेपर्यंत लूप लाइनीत हात बांधून उभी. आणि गंमत अशी की या पंगतीचा खर्च तीच करते.

ही अतिशयोक्ती नाही. रेल्वे जेवढा माल वाहते त्यातला जवळपास निम्मा एकटा कोळसा. आणि तुमचं तिकीट? काही वर्षांपूर्वी त्यावर एक ओळ छापून यायला लागली. प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रेल्वे तुमच्याकडून वसूल करते, अशा अर्थाची. लग्नाच्या आहेरावर किंमत लिहून द्यावी तसं वाटलं मला ते. पण हिशेब स्वच्छ आहे. मुंबईहून वर्ध्याला तुम्ही ज्या बर्थवर आडवे होता, तिचा डोक्यापासून कमरेच्या जरा खालपर्यंतचा भाग तुमच्या पैशाचा. उरलेला मालगाडीच्या पैशाचा, आणि त्यात मोठा वाटा कोळशाचा. सकाळी तळपाय काळे दिसले तर चादरीला बोल लावू नका.

मग कोळशानं हा पैसा आणला कुठून? त्याला काही सातवा वेतन आयोग लागू नाही. त्याचं भाडं वीज केंद्र भरतं. केंद्र ते विजेच्या दरात घालतं. तो दर घरी येतो लाईट बिलातून. काढा बिल. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, आणि एका ओळीत गरिबासारखा उभा असलेला 'इंधन समायोजन आकार'. समायोजन हा शब्द संस्कृत आहे. प्राकृतात त्याला 'अजून काढा' म्हणतात.

म्हणजे तिकीट खिडकीवर वाचलेले पैसे आपण मीटरपाशी भरतो. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात, आणि मधे रेल्वेला नमस्कार. फक्त दोन्ही खिसे एकाच शर्टाला असतील असं नाही. गडचिरोलीत, जिथे रेल्वे वडशाला जेमतेम शिवून जाते, तिथल्या एखाद्या टोल्यावरची आजी जन्मात गाडीत बसलेली नसते. तिच्या घरी एक बल्ब. पण तो बल्ब पेटला की कुणाच्या तरी दिल्लीवारीत तिचे दोन पैसे जमा होतात. बर्थवरचा तो सद्गृहस्थ रात्री झोपण्यापूर्वी शेजाऱ्याला सांगत असतो की या देशात फुकट्यांची संख्या फार वाढली आहे.

पंगत उलटी झाली ती एप्रिल २०२२ मध्ये. ऊन तापलं, विजेची मागणी वाढली, केंद्रांच्या अंगणातले कोळशाचे ढीग खाली बसले. तेव्हा रेल्वेनं प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द केल्या आणि कोळशाला वाट करून दिली. माणसं पानावरून उठवली, कोळसा बसवला. छत्तीसगडात मोठी ओरड झाली, आणि व्हायलाच हवी होती, कारण खाण त्यांची, धूळ त्यांची आणि रद्द झालेली गाडीही त्यांचीच. पण रद्द पॅसेंजरचा प्रवासी घरी परतला, घाम पुसला आणि पंखा लावून बसला. तो पंखा त्याच कोळशावर फिरत होता. गाडी हवी की वारा, असं कुणी त्याला विचारलं नव्हतं. पंधरा-वीस वर्षं आधी रूळ दुपदरी-चौपदरी केले असते तर विचारावंही लागलं नसतं.

(अमेरिकेत याच्या उलट नियम आहे. तिथे प्रवासी गाडीला मालगाडीच्या आधी सोडायचं असा कायदाच १९७३ सालचा. पण रूळ बहुतेक ठिकाणी मालगाडीवाल्या कंपन्यांचे. त्यामुळे ॲमट्रॅकचा प्रवासी वायोमिंगच्या कोळशाकडे बघत थांबतो आणि कायदा वाचतो.)

खरं तर यात लपवण्यासारखं काही नव्हतं. इंग्रजानं तरी लपवलं नाही. वर्ध्याहून वरोऱ्याच्या खाणीकडे त्यानं १८७० च्या दशकात रूळ टाकले आणि त्या रेल्वेचं नावच ठेवलं 'वर्धा कोल स्टेट रेल्वे'. कोळसा आधी, माणूस जागा उरली तर. पुढे नाव बदललं. क्रम तसाच राहिला.

आता वाघिणीच्या आत डोकावू. आपल्याकडच्या कोळशात राख फार. तीस-चाळीस टक्के सहज निघते. म्हणजे एकोणसाठ वाघिणींपैकी सुमारे वीस वाघिणी नुसती राख घेऊन चाललेल्या असतात. अजून जळायची आहे एवढाच फरक. बारा हजार अश्वशक्ती लावून, प्रवासी उठवून, फाटकं पाडून आपण पाचशे किलोमीटर राख नेतो. तिथे तिला बाकीच्या कोळशापासून वेगळं करायला भट्टी पेटवतो. मग ती टाकायची कुठे म्हणून ट्रक बोलावतो. अस्थिविसर्जनालाही एवढा खर्च येत नाही.

शिवाय ज्या विजेवर इंजिन चालतं ती बरीचशी येते कोळशातून. म्हणजे कोळसा वीज करायला निघालेला असतो आणि त्याला ओढणारी वीज कालच्या कोळशाची असते. आजचा कोळसा कालच्या कोळशाच्या खांद्यावर. वाफेच्या इंजिनाचा काळ निदान प्रामाणिक होता. फायरमन तुमच्या डोळ्यांदेखत फावड्यानं कोळसा टाकायचा, धूर तुमच्याच डोळ्यांत जायचा, आणि घरी पोचल्यावर आई आधी तोंड धुवायला सांगायची. आता इंजिन स्वच्छ, स्टेशन स्वच्छ, प्रवाशाची कॉलर पांढरी. धूर कोराडीला आणि खापरखेड्याला, वीज केंद्रांपाशी. तिथल्या आया अजून तेच सांगतात.

रेल्वेनं २०३० पर्यंत 'नेट झिरो' व्हायचं ठरवलं आहे. म्हणजे तिचं स्वतःचं कार्बन उत्सर्जन शून्य. चांगली गोष्ट आहे. पोटापाण्यासाठी दारूच्या बाटल्यांची वाहतूक करणारा ट्रक ड्रायव्हर निर्व्यसनी असू शकतो, तसं हे. त्याला कुणी नावं ठेवू नयेत.

इंजिनातल्या माणसांबद्दल एक-दोन गोष्टी सांगायच्या राहतात. त्यांच्या वाट्याला पदव्या पुष्कळ आल्या. ड्रायव्हरचा लोको पायलट झाला. जानेवारी २०२२ मध्ये गार्डाचा ट्रेन मॅनेजर झाला. साठ वाघिणींमागे एकटाच बसतो, कंदील-झेंडा सांभाळतो, आणि मॅनेजर. त्याच्या हाताखाली कुणी नाही, हे पद त्यामुळे अगदी आदर्श म्हणायचं. पायलटचं बघा. विमानातला पायलट दोन तासांत उतरतो. हा कुठल्याशा लूप लाइनीत चार-चार तास सिग्नलकडे बघत बसतो, आणि कित्येक इंजिनांत अजून शौचालय नाही. शेषनाग, वासुकी, रुद्रास्त्र अशी नावं सुचायला जेवढा वेळ लागला असेल त्याच्या निम्म्या वेळात एका संडासाचा नकाशा काढून झाला असता.

साताऱ्याच्या सुरेखा यादव भारतातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूर–मुंबई वंदे भारत चालवली तेव्हा देशभर फोटो झळकले. त्याआधी कित्येक वर्षं त्या मालगाडी चालवत होत्या. त्या वर्षांचे फोटो शोधून बघा. मालगाडीच्या इंजिनाला हार घालायचा प्रघात नाही. फक्त लांबीचा विक्रम असेल तर घालतात.

हे सगळं निदान आपल्याच विजेसाठी, अशी समजूत विदर्भात घालता येते. गोव्यात तीही सोय नाही. तिथे कोळसा मुरगावला जहाजातून उतरतो, परदेशातून आलेला, आणि जायचं असतं त्याला कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांत. गोवा फक्त मधे येतो. कुळेहून कॅसलरॉकचा घाट सदतिसास एक चढाचा. पुढे इंजिनं, मागून ढकलायलाही इंजिनं, आणि बाजूला दूधसागर. सिनेमावाल्यांनी धबधब्याचं दूध दाखवलं, समोरून जाणारी काजळी दाखवली नाही. या मार्गाला दुसरा रूळ टाकायचा घाट घातला तेव्हा गोंयकार विचारते झाले की हा दुसरा रूळ नेमका कुणासाठी. पर्यटकांसाठी, असं उत्तर आलं तेव्हा त्यांनी ते ऐकून घेतलं आणि नोव्हेंबर २०२० च्या एका रात्री हजारोंच्या संख्येनं चांदरच्या रुळांपाशी जाऊन बसले. मेणबत्त्या, गाणी, घुमट. 'गोंयांत कोळसो नाका.' २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं अभयारण्यातल्या त्या पट्ट्याची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली.

आम्ही वैदर्भीय हे वाचून हळहळलो. कौतुकानंही, आणि जरा असूयेनंही. आमच्याकडे रुळावर बसायचं म्हटलं तर आधी फाटक ओलांडायला हवं, आणि फाटक तर बंद.

तर परवा असाच उभा होतो. गेटमन ओळखीचा. त्यानं लांबूनच हात केला, "भाऊ, बंद करून घ्या गाडी. भरली येऊन राहिली." आली. पुढे दोन इंजिनं, मागे काळ्या शिगा लावलेल्या वाघिणी. शेजारी आईच्या स्कूटीवर पुढे उभं असलेलं एक पोरगं बोटं मोडत मोजत होतं. माझ्या मागे एक पांढरी कार, काचा वर, एसी चालू, हॉर्नवर तळहात. आत बसलेल्याला सांगावंसं वाटलं की साहेब, हे तुमचंच लाईट बिल चाललंय, जरा वाट द्या. पण काचा वर होत्या.

एकोणसाठ. गार्डाचा डबा. चुकलो, ट्रेन मॅनेजरचा. त्यानं झेंडा गुंडाळत पोराला हात केला. सगळ्यांनी किका मारल्या. फाटक हललं नाही.

"अरे उघडा ना आता," कारवाला काच खाली करून ओरडला.

गेटमननं टेलिफोन कानाला लावलेलाच होता. "ही भरली होती साहेब," तो म्हणाला. "आता तिकडून खाली येऊन राहिली."

पोरगं पुन्हा एकपासून सुरू झालं.